तुजां काय म्हणणां?

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा माझी अपेक्षा माफक होती. सकाळी चहा, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात, मग पडवीतल्या बाकावर लवंडायचं आणि डोळे उघडले की पुन्हा चहा. चौतीस वर्षं मी मुंबईत एका बँकेच्या संगणक विभागात काढली होती. त्यातली निम्मी 'सिस्टीम डाऊन आहे' हे एकच वाक्य वेगवेगळ्या नम्र स्वरांत सांगण्यात गेली. आता कुणालाही काहीही सांगायचं नाही, असं ठरवूनच मी वाघोटन खाडीकाठच्या आमच्या गावी उतरलो.

गावाने दुसरंच ठरवलं होतं. त्यांना काँप्युटरवाला माणूस फुकटात मिळाला होता.

धक्क्याजवळ भाऊचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि भज्यांची कढई. तिथे पेपर येतो आणि त्याची पानं सुटी होऊन वाटली जातात. खेळाचं पान पोरांकडे, निधनवार्ता बायकांसाठी घरी, आणि आतलं ते विज्ञान-तंत्रज्ञानाचं पान नानांच्या वाट्याला. नाना शाळेत क्लार्क होते, आता शहात्तर वर्षांचे आहेत. ते पान मिशीपर्यंत आणून वाचतात, घडी घालतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि माझ्याकडे वळतात.

"वाचलंस मां? तुजां काय म्हणणां?"

माझं काहीच म्हणणं नसतं, ही माझी खरी अडचण. नोकरीने मला 'बघावं लागेल' एवढंच उत्तर शिकवलं. ते मी पहिल्या आठवड्यात देऊन पाहिलं. नाना म्हणाले, "बघतलंस कधी? माजां बारावां झाल्यार?" आमच्याकडे मत म्हणजे बाजू. बरं की वाईट, घ्यायचं की फेकायचं. 'एका अर्थी बरं' असं म्हणणाऱ्याला लोक जमिनीच्या वाटणीत फिरलेल्या साक्षीदारासारखे बघतात.

त्यातही १ जून ते ३१ जुलै हा काळ जीवघेणा. मासेमारीची बंदी, होड्या शाकारून ठेवलेल्या, बाहेर पाऊस, आणि गावातली सगळी फावली डोकी भाऊच्या छपराखाली. उरलेल्या दहा महिन्यांत दिवसाला एक मत पुरतं. त्या दोन महिन्यांत दोन वेळच्या चहाला दोन लागतात.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार याच दिवसांतला. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल जगभर पाठवली आणि विंडोजवर चालणारे संगणक पडद्यावर निळे पडून बंद झाले. मायक्रोसॉफ्टचा नंतरचा अंदाज होता ८५ लाख. विमानं अडकली, आणि आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क पेनाने लिहून दिले. दुसऱ्या दिवशी त्या हाती लिहिलेल्या पासाचा फोटो बघून नाना इतके खूश झाले की त्यांनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला. "अक्षर बघ कसा ता! शेवटी क्लार्कच लागता."

मग सूर बदलला. "अमेरिकेतल्या कोणी मेल्यान बटण दाबल्यान, आणि माजो पंप कालपासून बंद."

"नाना, तुमच्या पंपात सॉफ्टवेअर नाही."

"मगे नेमको कालच कसो बंद पडलो?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच संगणक अभियंत्याकडे उत्तर नाही. शेवटी मीच चिखल तुडवत त्यांच्या विहिरीवर गेलो. स्टार्टरची पेटी उघडली. आत दोन पट्ट्यांच्या मधोमध एक पाल आडवी होऊन कोळसा झाली होती, शेपटी मात्र शाबूत. काडीने ती काढली, पट्टी घासली, पंप सुरू. गावात बातमी अशी पसरली की अमेरिकेचा बिघाड मी नानांच्या विहिरीवर दुरुस्त केला.

त्या प्रसंगात एकच गोष्ट मला समाधान देऊन गेली. कंपनीने ती फाईल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, तरी बंद पडलेले बरेचसे संगणक एकेकाजवळ माणूस जाऊन हाताने सुरू करावे लागले, हे मी सांगत होतो. असं का, हे कसं समजवावं या विचारात होतो तोच भाऊ कढईवरून न बघता म्हणाला, "म्हणजे परत्येक माडार गडी चढवूचो." याहून चांगलं मी बँकेच्या संचालकांनाही कधी समजावू शकलो नसतो.

वायटूकेची हकिगत मात्र सांगितली तीच चूक. जुन्या प्रोग्रॅमांत सालाचे दोनच आकडे असत, त्यामुळे २००० साल उजाडलं की संगणक ते १९०० समजतील ही भीती होती. दोन वर्षं आम्ही ओळ न् ओळ तपासली, आणि ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मी ऑफिसात थंड वडापाव समोर ठेवून काढली. बारा वाजले. काहीही झालं नाही. माझ्या नोकरीतला हा सगळ्यात अभिमानाचा क्षण.

नाना बराच वेळ विचार करत होते. "म्हणजे रातभर जागलंस, आणि काय झालांच नाय?"

"होय."

"आणि पगार घेतलंस?"

चंद्रयानाच्या वेळी तरी सगळे एका बाजूला होतो. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी यान चंद्रावर उतरलं. आमची लाईट पावणेसहालाच गेली होती, त्यामुळे चौदा माणसांनी ते एका मोबाईलवर बघितलं आणि मधल्या रांगेतल्यांनी फक्त ऐकलं. टाळ्या थांबल्यावर मी माहिती पुरवली की यान सूर्याच्या विजेवर चालतं, आणि तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा असतो.

"चौदा दिवस सलग लाईट?" भाऊचा चेहरा उजळला.

"आणि मग चौदा दिवस काळोख."

"मगे आपल्यासारख्याच की!"

या सगळ्यांत मला मनापासून आवडतो तो सुऱ्या. सुऱ्या खोल समुद्रात जातो आणि त्याला कशाबद्दलही मत नाही. एकदा मीच खाज म्हणून त्याला सांगायला गेलो. तू वापरतोस त्या जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर फिरतात. आइनस्टाइनने सांगितलं तसं त्यांची घड्याळं आपल्या घड्याळांहून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात तुझी जागा अकराएक किलोमीटरने चुकेल. सुऱ्या जाळ्याचं भोक शिवत होता. सुई थांबली नाही. "माका ता काय तां ठावक नाय. खडप खंय हा तां कळता, बस." मला त्याचा हेवा वाटला. सापेक्षतावाद बापड्याने सुरमईसाठी कामाला लावला होता आणि वर त्याच्याबद्दल बोलायची सक्तीही नव्हती.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

आमच्या बाजूच्या विजयदुर्ग किल्ल्यात काही ओटे आहेत, त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा लॉकियर नावाच्या साहेबाने या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली आणि हेलियमचा शोध लावला, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. आंब्याखालोखाल आमचा अभिमान तोच. गेली काही वर्षं त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो.

मी शहाणपणा केला. वाचलं.

ग्रहणाची सावली आमच्या किनाऱ्यावरून आत गेली हे खरं. पुढे जमखंडी, विजापूर, गुंटूर असा तिचा पट्टा. गुंटूरला जान्सेन नावाचा फ्रेंच माणूस होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या रेषा त्याला वर्णपटात, म्हणजे उजेड फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पुन्हा पाहून दाखवल्या. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहणाबिहणाशिवाय, त्या ज्वाळा पाहिल्या. त्यांच्या वर्णपटातली, सोडियमच्या रेषांजवळ पडणारी पण सोडियमची नसलेली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. लॉकियर ग्रहण बघायला आपल्याकडे आला तो डिसेंबर १८७१ मध्ये, तेही केरळातल्या बेकलला. तिथेही समुद्रकाठी किल्लाच आहे. मला आपलं वाटतं, कुठेतरी किल्ल्याची अदलाबदल झाली असावी.

हे मी भाऊच्या हॉटेलात बोललो. भाऊने माझ्याकडे चहाचे पैसे मागितले. माझं महिन्याचं खातं आहे तिथे.

"मगे ते कट्टे कोणी बांधल्यान?" नाना म्हणाले. "तुज्या आजोबान?"

पुण्याहून नानांचा नातू आला होता. हल्ली कशाचाही निकाल फोनातल्या कृत्रिम बुद्धीकडून लावतात, तसा त्याने तो तिथेच लावायला घेतला. हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला का, असं त्याने विचारलं. उत्तर आलं, होय, अभिमानाची गोष्ट आहे, आणि खाली सहा मुद्दे. नानांनी विजयी मुद्रेने तपकीर ओढली. मी फोन घेतला आणि लिहिलं की लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. 'क्षमस्व, आपलं अगदी बरोबर आहे.' पुन्हा सहा मुद्दे, या वेळी माझ्या बाजूने. नानांनी नातवाकडून लिहून घेतलं, 'नाही, कट्टे अजून आहेत.' उत्तर आलं, 'क्षमस्व, आपला मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे.'

मला वाटलं, आता तरी या यंत्राचं पितळ उघडं पडलं. पण नाना भारावून फोनकडे बघत होते. "बघ. इतकी अक्कल आसान पण कोणाक उलटा बोलना नाय. तुज्यापेक्षा ह्याका वळण हा."

मी समजवायला गेलो. हा पुढचा शब्द काय असेल ते अंदाजाने लावतो. नेटवर विजयदुर्ग आणि हेलियम हजारदा शेजारी शेजारी आले की तो ते तसंच जोडणार. शिवाय कुठलं उत्तर माणसांना आवडतं हे माणसांकडूनच विचारून त्याला शिकवलेलं असतं, म्हणून तो समोरच्याच्या होला हो करतो.

"कळला," नाना म्हणाले. "घरजावई."

आठवड्याभरात मुख्याध्यापक दारात हजर. हेलियम दिनाला प्रमुख वक्ते म्हणून मीच. यामागे नाना होते हे मला नंतर कळलं. माणसाला चूक सुधारायची संधी द्यावी, असं ते म्हणाले होते म्हणे.

मी रात्र रात्र जागून भाषण काढलं. खोटं बोलायचं नाही आणि चहाचं खातंही बंद व्हायला नको. १८ ऑगस्टला सकाळपासून धो धो पाऊस. शाळेला पत्रे. मी बोलायला उभा राहिलो आणि पत्र्यावर जणू कुणी नारळ ओतायला सुरुवात केली. तरी बोललो. देशात सावली पहिल्यांदा आपल्या किनाऱ्यावर आली, म्हटलं. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे एकाच पदकावर काढले, आणि सूर्यात सापडलेला हा वायू पृथ्वीवर हाती लागायला १८९५ उजाडावं लागलं. लॉकियर इंग्लंडमध्ये होता हेही बोललो. ते बोलताना पाऊस जरा वाढला होता, हे कबूल करतो.

आभार मानताना मुख्याध्यापक म्हणाले, "विजयदुर्गातच हेलियमचा शोध कसा लागला, हे सरांनी पुराव्यानिशी सांगितलं." टाळ्या. पहिल्या रांगेत नानांनी मान डोलावली. भाऊने लांबून चहाची खूण केली.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने आधी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, ऑगस्टात हयसर असोच पाऊस असता. मगे साहेबाक सूर्य दिसलो कसो?"

सगळी शाळा माझ्याकडे वळली. एवढे ग्रंथ चाळले आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी 'बघावं लागेल' म्हणायला तोंड उघडलं, पण नाना आधीच उभे राहिले होते.

"साहेब थांबलो असतलो, पाऊस जायसर."

"पण आजोबा, ग्रहण थांबतलां काय?"

"चेडवा," नाना म्हणाले, "तेवा राज्य साहेबाचां होतां."