दारूचं वय कमी करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ वरून १८ वर आणा, असं सांगणारा मेसेज अधूनमधून सगळीकडे फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अठराव्या वर्षी मत देता येतं, सैन्यात जाता येतं, मग दारूलाच अडवणूक का? युरोपात मुलं घरीच वाइन प्यायला शिकतात, म्हणून तिथे प्रश्न नाही. बंदीने ओढ वाढते. आणि एवीतेवी कायदा पाळतो कोण? ऐकायला हे पटतं. एकेक मुद्दा तपासला की त्यातलं फार थोडं उरतं.

मतदानाचा मुद्दा अमेरिकेत प्रत्यक्ष आजमावून झाला आहे. १९७१ मध्ये तिथे मतदानाचं वय १८ झालं. त्याच वाऱ्यात १९७० ते १९७५ दरम्यान २९ राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. तरुण चालकांचे अपघात वाढले आणि राज्यं एकामागून एक माघार घेऊ लागली. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने २१ पेक्षा कमी वय ठेवणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी कापायचं ठरवलं, आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. वयाच्या अटीमुळे १९७५ ते २०१७ या काळात ३१ हजारांहून अधिक जीव वाचले, असा तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचा अंदाज आहे. राहिला हक्कांचा प्रश्न. त्याच देशात अठराव्या वर्षी मत देणाऱ्याला राष्ट्राध्यक्ष व्हायला पस्तिशीपर्यंत थांबावं लागतं. जबाबदारी बदलली की वय बदलतं, त्यात अन्याय नाही.

माझा खरा आक्षेप मात्र पुढे आहे. हा सगळा वाद अठरा वर्षांच्या मुलामुलींबद्दल आहे, असं दोन्ही बाजू धरून चालतात. मला काळजी आहे ती पंधरा-सोळाच्या मुलांची. त्यांना दारू मिळते कुठून? बऱ्याचदा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मित्राकडून किंवा भावंडाकडून. वय २१ असेल तर दुकानातून उघडपणे बाटली घेऊ शकणारा माणूस सोळाच्या मुलांच्या गटात सहसा नसतो. वय १८ केलं की तो त्यांच्याच शाळेत, शेवटच्या वर्गात बसलेला असतो. कागदावर मर्यादा १८ ची होते, दारू मात्र त्याच्याही खाली दोन-तीन वर्षं झिरपते.

हा नुसता तर्क नाही. न्यूझीलंडने डिसेंबर १९९९ मध्ये खरेदीचं वय २० वरून १८ केलं. त्यानंतर १८-१९ वयोगटात रस्ता अपघातात जखमी होण्याचं प्रमाण २० ते २४ वयोगटाच्या तुलनेत वाढलेलं दिसलं. तसंच ते १५ ते १७ वयोगटातही वाढलेलं दिसलं. या मुलांसाठी कायदा बदललाच नव्हता! वय पुन्हा २० करावं का, यावर २०१२ मध्ये तिथल्या संसदेत मतदान झालं आणि १८ च कायम राहिलं. वय खाली आणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं: परतीची वाट सोपी नसते.

आता युरोप. ‘तिथे प्रश्न नाही’ हे साफ खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या विभागांमध्ये दरडोई दारूचा खप सर्वाधिक आहे तो युरोप विभागातच. डेन्मार्कमध्ये सोळाव्या वर्षी दुकानातून बिअर घेता येते. २०१९ च्या युरोपीय शालेय सर्वेक्षणात तिथल्या १५-१६ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांनी मागच्या महिन्याभरात एका बैठकीत भरपूर दारू प्यायल्याचं सांगितलं. आइसलँडमध्ये वय २० आहे आणि तिथे हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली होतं. आइसलँडचं सगळं श्रेय वयाच्या अटीला देता येणार नाही. तिथे खेळ, क्लब आणि पालकांचा सहभाग यांवर वर्षानुवर्षं मेहनत झाली आहे. पण ‘लवकर शिकवलं की मुलं बेताने पितात’ हा दावा डेन्मार्कने तरी खरा ठरवलेला नाही.

शिवाय युरोप स्वतः कुठल्या दिशेने चालला आहे, ते मेसेजमध्ये नसतं. फ्रान्सने २००९ मध्ये सोळाच्या मुलांना वाइन-बिअर विकणं थांबवून १८ ची अट घातली. नेदरलँड्सने २०१४ मध्ये १६ चं १८ केलं. लिथुआनिया तर २०१८ मध्ये १८ वरून २० वर गेला.

घरी पाजण्याबद्दल ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा झाला. २०१८ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की आईवडिलांनी दारू दिल्याने मुलांचं कसलंही संरक्षण झाल्याचं आढळलं नाही. उलट पुढे बाहेरूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. हे सगळे पालक बेफिकीर नसतात. बरेच जण काळजीपोटीच देत असतील. म्हणून तर ही समजूत इतकी चिवट आहे.

बंदीने ओढ वाढते, हे खरं असतं तर वय २१ असलेल्या राज्यांतली मुलं एकविशी गाठताच तुटून पडली असती. अमेरिकेत तसं झालं नाही. जिथे वयाची अट कडक होती तिथली मुलं एकविशीनंतरही, विशीच्या पहिल्या काही वर्षांत, इतरांपेक्षा कमीच पीत होती.

शेवटचा मुद्दा, कायदा पाळतो कोण. पूर्ण कोणीच पाळत नाही, मान्य. वेगमर्यादेचंही तेच आहे. पण लपून पिण्यातला धोका मला खरा वाटतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कॉलेजप्रमुखांनी २१ च्या अटीवर फेरविचार मागितला, तो याच काळजीने. जास्त प्यायलेला मित्र बेशुद्ध पडतो, आणि आपण पकडले जाऊ या भीतीने बाकीचे रुग्णवाहिका बोलवत नाहीत. अशाने जीव जातात. यावर करायचं ते वेगळं आहे: मदतीसाठी फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर दारू पिण्याबद्दल कारवाई नाही, अशी स्पष्ट तरतूद. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी ती कायद्यात घातली आहे, आणि त्यासाठी कुणालाही २१ वरून खाली यावं लागलेलं नाही.