भुकेल्या माणसाला लावायची कामं

माझा भाचा चीनमध्ये, शीआनला डॉक्टरकी शिकतो. त्याच्याकडे जायचं ठरल्यावर घरच्यांनी चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी असं सगळं बांधून दिलं. तिकडे ताटात साप-विंचू वाढतात अशी आमच्याकडे पक्की समजूत. तसलं काही पुढ्यात आलं नाही. आलं ते चांगलंच आलं, पण येण्याआधी त्याने मला कामाला लावलं.

पहिला दणका लांझोऊला. गान्सू प्रांतातल्या या शहरात लोक सकाळी न्याहारीला बीफच्या रश्श्यातल्या नूडल्स खातात. (ज्यांना चालत नाही त्यांनी नुसतं वाचावं.) पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, खिडकीपाशी जायचं आणि नूडल्स ओढणाऱ्या गड्याला जाडी सांगायची. केसासारख्या, बारीक, त्याहून जरा जाड, पातीसारख्या चपट्या, रुंद, आणि पट्ट्याएवढ्या रुंद. तुमच्या तोंडून शब्द पडला की तो कणकेचा गोळा ताणतो, दुमडतो, पुन्हा ताणतो आणि बघता बघता नूडल्स पातेल्यात. त्याचं काम झटक्यात उरकतं. वेळ लागतो तो आपल्याला, आणि मागे कामावर निघालेल्या लोकांची रांग उभी असते. मी बोटाने समोरच्या बाईच्या वाडग्याकडे दाखवलं. तिने वाडगा जवळ ओढून घेतला.

पण खरी वेठबिगारी शीआनमध्ये. तिथल्या मुस्लिम मोहल्ल्यात, हुई लोकांच्या खाणावळींत, यांगरौ पाओमो मिळतं. म्हणजे मटणाच्या रश्श्यात शिजवलेली रोटी. भूक सणकून लागली होती. वाढप्याने रिकामा वाडगा आणि माणशी दोन कोरड्या रोट्या ठेवल्या आणि तो गेला. मी रोटीचा घास तोंडात घालणार तोच भाच्याने हात धरला. "मामा, खायची नाही. तोडायची."

आता आम्ही भाकरी कुस्करून रश्श्यात ओरपणारी माणसं. कुस्करायला आम्हाला कोणी शिकवायचं? पण ती रोटी कुस्करली जाईना. पीठ जेमतेम आंबवलेलं, त्यात भाजून खडखडीत केलेलं. तिचे चिमटीने एकेक करून तुकडे खुडावे लागतात. आणि आकार? सोयाबीनच्या दाण्याएवढा!

"एवढे बारीक कशाला?"

"मोठे तुकडे आतून कोरडे राहतात, रस्सा मुरत नाही. शिवाय तुकडे बघून आचारी ओळखतो, गिऱ्हाईक इथलं की बाहेरचं."

म्हणजे स्वयंपाकघरात माझी परीक्षा होणार होती. खुडत बसलो. अंगठ्याचं नख दुखायला लागलं. आजूबाजूला म्हातारे गप्पा हाणत आरामात खुडत होते. घाई कोणालाच नव्हती. शेजारच्या टेबलावर ताटं येत होती, मटणाचा वास येत होता, आणि मी उपाशीपोटी गहू निवडायला बसवल्यासारखा. पलीकडच्या आजोबांनी माझ्या वाडग्यात डोकावून पाहिलं, एक शब्द न बोलता वाडगा स्वतःकडे ओढला आणि माझ्या प्रत्येक तुकड्याचे तीन तुकडे केले. भाचा म्हणाला, "मामा, तू नुसता बघ."

मग वाडग्याला नंबराचा बिल्ला लागला आणि तो आत गेला. बिल्ला हवाच. एवढं घाम गाळून खुडलेलं दुसऱ्याच्या पुढ्यात गेलं तर खून पडतील. त्यातही आधी सांगावं लागतं, रस्सा किती ठेवायचा: रोटीभोवती तळं साचेल इतका, शेवटी घोटभर उरेल इतका, की अजिबात नाही. वाडगा परत आला तेव्हा त्यात मटण होतं, काचेसारख्या शेवया होत्या, काळी आळंबी होती, बाजूला गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा. मी चमचा घालून ढवळणार, तेवढ्यात पुन्हा हात धरला गेला. ढवळायचं नसतं, लगदा होतो. कडेकडेने खात आत जायचं.

चव? अप्रतिम. हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय. सोबत बिंगफेंग नावाचं संत्र्याचं सोडापेय, काचेच्या बाटलीत. त्याला काही करावं लागत नाही, नुसतं प्यायचं. त्या बाटलीबद्दल मला फार आपुलकी वाटली.

हल्ली काही ठिकाणी यंत्राने कापलेली रोटीही मिळते. ही बातमी भाच्याने मला हात धुताना दिली.

छोंगछिंगच्या हॉटपॉटबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण बऱ्याच गोष्टी मला आठवत नाहीत. मध्ये लाल चरबीचा रस्सा खदखदतो आणि वजडीचा तुकडा चॉपस्टिकमध्ये धरून तो सात वेळा वर, आठ वेळा खाली करायचा. साधारण पंधरा सेकंद. कमी केलं तर कच्चा, जास्त केलं तर रबर. हे मोजायला हरकत नाही, पण त्या रश्श्यात सिचुआनी मिरी मुठीने घातलेली असते. ती आपल्या तिरफळाच्या भावकीतली. कोकणात बांगड्याच्या कालवणात चार दाणे टाकतो आणि जेवताना तेही बाजूला काढतो. इथे ओठ बधिर झाले, जीभ कोणाची आहे ते कळेना, आणि आकडे "पाच" च्या पुढे तोंडातून फुटेनात.

शेवटी बीजिंग. तिथलं दोउझ ऐकलं होतं: मुगाचं सत्त्व काढल्यावर जे उरतं ते आंबवून, गरम करून पितात. रंग करडा-हिरवट. वास विचारू नका. ते पुढ्यात आलं आणि लक्षात आलं की इथे मला कामच नाही. खुडणं नाही, मोजणं नाही, जाडी सांगणं नाही. सगळं तयार, गरम, माझी वाट पाहत. टपरीवाल्या काकू कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत उभ्या.

सोबत तळलेली कुरकुरीत कडी देतात. मी एक उचलली आणि शांतपणे तिचे तुकडे करायला लागलो. एक संपली, दुसरी घेतली.

भाचा वाकून बघत म्हणाला, "वा मामा! आता आकार जमला."