वादी नंबर १ब

मी वादी नंबर १ब आहे. १अ म्हणजे आई, १क म्हणजे ताई. मूळचे वादी नंबर १ आमचे आबा, ते गेले. वादी गेला म्हणून दावा लगेच जात नाही, पण ९० दिवसांच्या आत वारसांची नावं लावायचा अर्ज पडला नाही तर तोही आबांच्या पाठोपाठ जातो. त्यामुळे तेरावा उरकतोय न उरकतोय तोच वकीलसाहेबांचा फोन आला. "फार वाईट झालं," म्हणाले, आणि लगेच, "मृत्यूचा दाखला काढून ठेवा."

ताई माझ्याहून थोरली, सांगलीला दिलेली. अर्जाची प्रत वाचून तिनं फोन केला. "मी थोरली, मग मला क कसं?" हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच झालाय, हे मी तिला समजावून सांगितलं. "हिस्सा राहू दे, अक्षराचं बोल," म्हणाली. अ मिळाल्याचा आनंद आईनं मात्र कुणाला दाखवला नाही.

भांडण बांधाचं आहे. सातारा जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. रामशास्त्री प्रभुणे आमच्या माहुलीचे, तेव्हा न्यायाची परंपरा इथे जुनी. त्यांनी पेशव्याला सुनावलं, आम्ही चुलतभावाला सुनावतो, एवढाच फरक. आमचा ऊस आणि तात्यांचं आलं यांच्यामध्ये एक बांध आहे. त्यावरून आपण बैलगाडी घातली असल्याचं आबा सांगायचे. आज त्यावरून जायचं तर एका पायापुढे दुसरा पाय ठेवत, दोन्ही हात पसरून जावं लागतं. बांध कुणी कोरला हा वादाचा मुद्दा आहे आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे मी इथे काही बोलणार नाही. तात्यांनी कोरला.

तात्या म्हणजे प्रतिवादी नंबर १. नात्यानं चुलतभाऊ, वयानं जवळजवळ वडिलांसारखे. मी साताऱ्यात एका कॉलेजात मराठी शिकवतो. तात्या सातवीपर्यंत शिकले आणि पुढचं शिक्षण त्यांनी दिवाणी कोर्टात पूर्ण केलं. १९९८ साली सरकारनं खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरवली, त्यामुळे आपल्या दाव्याचे कागद आपल्या मातृभाषेत असतात. ते वाचून मला काही कळत नाही आणि तात्यांना सगळं कळतं. तारखेला गावच्या फाट्यावर ते उभे असतात, माझ्या मोटरसायकलवर मागे बसतात, आणि तालुक्यापर्यंत मला कायदा शिकवतात. तालुका कोणता ते विचारू नका.

"तू वादी, म्हंजे भांडान काढनारा. मी प्रतिवादी, म्हंजे बिचारा," हा पहिला धडा. वादी-प्रतिवादी दिवाणीत, फिर्यादी-आरोपी फौजदारीत. जमीन, पैसा, वाटप, घर हे दिवाणी. डोकं फुटलं की फौजदारी. आमचं अजून दिवाणीच आहे. एकदा फक्त तात्यांचा थोरला आणि मी बांधावर जरा मोठ्यानं बोललो होतो, तेव्हा दोघांनीही पोलिसांत जाऊन एन.सी. दिली. एन.सी. म्हणजे अदखलपात्र. म्हणजे पोलीस लिहून घेतात, तुम्हाला प्रत देतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. दोघांची समजूत पटली.

आता आमचा दावा. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: "यातील प्रतिवादी हे धनदांडगे, आडदांड व कायद्यास न जुमानणारे इसम असून वादी हे गरीब व शांतताप्रिय शेतकरी आहेत." तात्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. मोटरसायकलवरून उतरताना ते माझ्या खांद्याला धरून आधी एक पाय, मग थोडा विचार, मग दुसरा पाय असे उतरतात. हे वाक्य मी त्यांना चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं. 'धनदांडगे' परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "ह्या पानाची झेरॉक्स काढ. सोसायटीच्या सेक्रेटरीला दावतो, कर्ज देत न्हाई मेला."

दाव्याला प्रतिवादीनं दिलेलं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. कायदा ती ३० दिवसांत मागतो, कोर्टानं मुदत वाढवली तर ९०. तात्यांनी नव्वदीच्या अगदी काठावर दिली. तिच्यात पहिलंच वाक्य असं, की दाव्यातला संपूर्ण मजकूर खोटा व खोडसाळ असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. आता दाव्याच्या दुसऱ्या कलमात वादीचे, म्हणजे आबांचे, वडील हेच प्रतिवादीचे आजोबा असल्याचं लिहिलंय. तेही मान्य व कबूल नाही. "तात्या, आजोबा पण खोटे?" मी विचारलं. "अरं, एक कबूल केलं की बाकीचंबी करायला लागतंय," ते म्हणाले. "आन् म्होरं वाच, माझ्या वकिलानं लई झ्याक लिव्हलंय." पुढे लिहिलं होतं की वादी स्वच्छ हातानं कोर्टासमोर आलेले नाहीत. तेव्हापासून चहाच्या आधी तात्या मला हात धुवून ये म्हणतात.

या कागदी मराठीला वकिलांची तोंडी मराठी चिकटलेली असते, ती आणखी कठीण. कोर्टात पडलेल्या प्रत्येक कागदाला नंबर मिळतो, त्याला निशाणी म्हणायचं. दावा निशाणी १. तुर्तातूर्त मनाईचा अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला अमुक करू नको असं सांगा अशी विनंती, आपल्याकडे बहुतेक निशाणी ५ वर असतो. म्हणून कोर्टाच्या आवारात कुणी "पाचचं काय झालं?" असं विचारलं तर भाव विचारत नाहीये, मनाईचं विचारतोय. आणि कुठल्याही अर्जावर समोरच्याचं म्हणणं मागवतात, त्याला 'से' म्हणतात. एके दिवशी मी घरी फोनवर बोललो, "से आलाच नाही. पुढच्या तारखेला येईल." बायकोनं दोन दिवस वाट पाहून विचारलं, "हा से कोण? जेवायला असणार आहे का?"

मनाई मिळवायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, वरवर पाहता तुमच्या बाजूनं काही तथ्य आहे. दोन, मनाई न मिळाल्यानं तुमची जास्त अडचण होईल, मिळाल्यानं समोरच्याची कमी. तीन, जे नुकसान होईल ते पैशानं भरून येणार नाही. आम्ही तिन्ही दाखवल्या. तात्यांनीही तिन्ही दाखवल्या. मग हुकूम झाला: जैसे थे. म्हणजे आहे ते आहे तसं ठेवा, कुणी हात लावू नका.

कोर्टाचा हुकूम गवताला लागू नसतो. बांधावर गवत कमरेपर्यंत आलं, त्यात घाणेरी माजली, मधे एक बाभूळ उगवली. कापावं तर हुकमाचा भंग. मनाईचा हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. न कापावं तर साप. मी वकीलसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, अर्ज देऊ. अर्ज दिला. त्यावर तात्यांचा से मागवला. तात्यांना मी टपरीवर म्हटलं, "तात्या, गवत तुम्हालाही नकोय, मलाही नकोय. द्या की संमती." तात्या चहा बशीत ओतत म्हणाले, "संमती दिली आस्ती रं. पन वकील म्हनला, गवत कुनाचं हे आदी ठरूं दे."

तारखेबद्दल फार लिहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. सकाळी भिंतीवर त्या दिवसाच्या केसेसची यादी लागते, ते बोर्ड. शिपाई दारात येऊन नाव घेतो, तो पुकारा. त्या दिवशी काय झालं ते कोर्टाच्या कागदावर लिहिलं जातं, तो रोजनामा. काही झालं नाही तर तहकूब. कायदा म्हणतो की सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. हे मी तात्यांना सांगितलं तर ते इतके हसले की मला मोटरसायकल बाजूला घ्यावी लागली. आता तात्यांच्या नातवानं मोबाईलवर ॲप घेतलंय. त्यात केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. त्यामुळे तारीखच आहे हे आता घरबसल्या कळतं.

तात्यांचा आवडता शब्द पुरसिस. पुरसिस म्हणजे कोर्टाकडे काही मागायचं नाही, फक्त लेखी सांगून ठेवायचं. आमचा पुरावा संपला, ही पुरसिस. अमुक साक्षीदार तपासायचा नाही, ही पुरसिस. हा प्रकार तात्यांना इतका पटलाय की त्यांनी तो घरातही चालू केला. "रातच्याला जेवनार न्हाई, पुरसिस दिलीया," असं सुनेला सांगून ते भजनाला जातात. तिनं पुरसिस वाचली नाही तर ती तिची जबाबदारी.

मग माझी साक्ष लागली. साक्षीचे भाग तीन. आपल्या बाजूनं आपण सांगतो तो सरतपास, समोरचा वकील विचारतो तो उलटतपास, आणि उलटतपासात सांडलेलं आपला वकील गोळा करतो तो फेरतपास. सरतपास आता तोंडी होत नाही, प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात. त्यात मी बाजीप्रभूसारखा बांध लढवत होतो. पिंजऱ्यात उभा राहिलो आणि तात्यांचे वकील उठले.

"बांधावरून बैलगाडी जाताना तुम्ही स्वतः पाहिली?"

"आबा सांगायचे..."

"पाहिली का?"

"नाही."

ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही, हे मला तात्यांनी आदल्याच तारखेला फाट्यावर सांगितलं होतं. आबांची बैलगाडी तिथेच थांबली.

"प्रतिवादींनी तुम्हाला कधी धमकी दिली?"

"दिली."

"आज कोर्टात कसे आलात?"

"मोटरसायकलनं."

"एकटेच?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या छताच्या पंख्याकडे पाहत होते. जजसाहेबांनी माझं उत्तर स्टेनोला सांगायला सुरुवात केली आणि समोरच्या स्क्रीनवर ते अक्षर अक्षर उमटताना मला दिसत होतं: हे म्हणणे खरे आहे की, आज प्रतिवादी नं. १ हे माझ्या मोटरसायकलवर बसून कोर्टात आले. आमचे वकीलसाहेब फाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले. फाईल बंद होती.

शेवटी ठरलेला प्रश्न आला. खरं म्हणजे तो प्रश्न नसतोच. समोरच्या वकिलाला आपली बाजू साक्षीदाराच्या तोंडावर मांडावी लागते. नाही मांडली तर साक्षीदाराचं सांगणं त्याला मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणून तो म्हणतो, तुम्ही खोटी साक्ष देताय. तुम्ही म्हणता, नाही. आणि कागदावर येतं: "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." मराठी शिकवणारा माणूस या वाक्याखाली सही करायला थांबला, मनात नकार मोजत बसला. "सही करा," शिपाई म्हणाला, "सगळे करतात."

परतीच्या वाटेवर तात्या बराच वेळ गप्प होते. फाट्याजवळ म्हणाले, "एक-ब, तू म्हनायचं हुतंस एसटीनं आलो." मी म्हटलं, "शपथेवर?" त्यांनी पुन्हा तसाच थोडा विचार करून दुसरा पाय खाली ठेवला. "तेबी खरंच."

आता कोर्ट कमिशनर म्हणून मोजणीवाले येतील, नकाशाची क प्रत दाखल होईल, त्यावर दोघांचे से, मग युक्तिवाद, मग निकाल. निकालाबरोबर हुकूमनामा होतो, म्हणजे कुणाला काय मिळालं याचा नेमका कागद. आणि तो मिळाला की बांध मिळाला असं नाही. समोरचा ऐकत नसेल तर अंमलबजावणीसाठी परत अर्ज, त्याला दरखास्त म्हणतात, आणि तिला स्वतःच्या तारखा असतात. मधे अपील आहेच: आधी साताऱ्याला जिल्हा कोर्टात, मग हायकोर्टात. हायकोर्टासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय आणि सातारा, सांगली तिकडे जोडलेत. "म्हंजे अंबाबाईचं दर्शनबी हुतंय," तात्या म्हणाले. मोटरसायकलवर एवढं लांब जमणार नाही, गाडी करू, निम्मे निम्मे, हेही त्यांनी ठरवून टाकलंय.

लोकअदालतीचा पर्याय आमच्यापुढे दोनदा आला. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही. अपील नाही म्हटल्यावर तात्यांचा चेहरा पडला.

गेल्या आठवड्यात मला पोस्टानं एक जाड पाकीट आलं. कॅव्हेट. म्हणजे आपल्यावर कुणी दावा लावेल अशी भीती असेल तर आधीच कोर्टाला सांगून ठेवायचं, की आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका. ती ९० दिवस चालते, आणि ज्याच्याकडून भीती आहे त्याला तिची नोटीस पाठवावी लागते. पाठवणार तात्या. विषय, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी. मी फोन लावला. "तात्या, विहिरीचं माझ्या डोक्यातही नव्हतं."

"मग आता घाल की," तात्या म्हणाले. "मंगळवारी तारीख हाय न्हवं आपली? नवाला फाट्यावर ये."