म्हणजे माळीच ना?

आर्किटेक्चरच्या डिग्रीची (बी.आर्क.) 5 वर्षं, वर लँडस्केपच्या, म्हणजे बागा-मोकळ्या जागांच्या डिझाइनच्या, मास्टर्सची 2. निकालाचे पेढे द्यायला गेलो, तर पेढा तोंडात टाकता टाकता मावशी म्हणाली, "म्हणजे माळीच ना? मग आमची तुळस का वाळतेय बघ जरा."

बघितली. कुंडीला भोक नव्हतं आणि मावशी रोज तांब्याभर पाणी घालत होती. मी म्हणालो, "मुळं कुजलीत." मावशीचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या श्रद्धेलाच कीड लागल्याचं सांगितलं.

पहिल्या नोकरीत सरांनी झाडांची यादी देऊन पुण्याजवळ उरुळी कांचनला, नर्सरीत पिटाळलं. यादीत ऐटीत लॅटिन नावं. नर्सरीवाल्याने कागद उलटसुलट करून विचारलं, "रोपाची पिशवी कितीची? उंची किती फूट?" पिशवीवर आम्हाला एकही लेक्चर नव्हतं! गोंधळून मी 'सॅराका असोका'चं नुसतं 'अशोक' करून टाकलं. साइटवर टेम्पो आला तो कंपाउंडला लावतात त्या खांबासारख्या अशोकाचा. केशरी फुलांच्या घोसांचा सीतेचा अशोक निराळा, हे कळणारे साइटवर दोघेच, सर आणि मी. सर तेव्हापासून मलाच अशोक म्हणू लागले.

आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. म्हणजे सोसायट्यांच्या मीटिंगा आहेत. परवाची बाग पार्किंगच्या स्लॅबवर. चेअरमनकाकांना तिथे वड हवा. ओली माती घनमीटरला 1800 किलोच्या आसपास भरते, दीड फुटाचा थर दिला तरी चौरस मीटरला 800 किलो होतात, शिवाय मुळं वॉटरप्रूफिंगमध्ये शिरतील, हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग छोटा वड लावा." सेक्रेटरींना सावली हवी, पाचोळा नको. एका काकूंना पारिजातक हवा, पण सडा लिफ्टपर्यंत यायला नको. खजिनदार इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "झाडं नर्सरीवाला देणार, खड्डे मजूर खणणार. मग तुमची फी कशाची?"

मी ड्रॉइंग उलगडलं. सात रंग, प्रत्येक झाडाची सावली वेगळी काढलेली. सगळे वाकून बघू लागले. तेवढ्यात मागे उभे असलेले सोसायटीचे माळीमामा अदबीने म्हणाले, "साहेब, पाण्याचा नळ कुठं दिलाय?"

मी शोधला. दोनदा शोधला.

"राहू द्या साहेब," मामा म्हणाले, "मी बादलीनं घालीन."