'खाडीकाठचा' यांना उत्तर, जरा सविस्तर

'खाडीकाठचा' या नावाने लिहिणारे महाशय,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. चहा गार झाला. 'विजेची एकादशी' या लेखात मी एवढंच म्हटलं होतं की हवामान बदल हा जितका शास्त्रज्ञांचा विषय तितकाच पापपुण्याचाही. उपासाला अन्न सोडतो तसं महिन्यातल्या दोन एकादश्यांना संध्याकाळी एसी, गाडी, लिफ्ट सोडून पाहावी. त्यावर तुम्ही असे तुटून पडलात की जणू मी तुमचं मीटर कापायला आलो होतो.

आधी चूक कबूल करतो. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस मी ठाण्याच्या नावावर टाकला; तो आकडा सांताक्रूझचा. दुरुस्त केलाय, आभार. (त्याने आमच्या कळव्याच्या घरात शिरलेलं पाणी काही कमी होत नाही, एवढं नोंदवतो.)

आता ते वाक्य. 'घरात एसी लावून बसणाऱ्या ढोंगी लोकांनी देवाला मध्ये घालून आम्हाला पापपुण्य शिकवू नये, काका.' काका म्हणालात, चालेल, अठ्ठावन्न पूर्ण झाली. पण काका आणि ढोंगी एकाच वाक्यात? आमच्याकडे काकाशी असं बोलणाऱ्याला भरल्या पानावरून उठवत असत.

एसी आहे. दीड टनाचा, आईच्या खोलीत. आई ब्याऐंशीची, त्यात दमा. मे महिन्यात खाडीवरून येणारी हवा इतकी दमट की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवायचं कसं? दोन वर्षांपूर्वी ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी खोली थंड ठेवायला सांगितली. सव्वीसच्या खाली रिमोट जात नाही. नळीखाली बादली ठेवलीय, सकाळपर्यंत अर्धी भरते. ते पाणी तुळशीला आणि अळूला जातं. अजून काय हवं, बिलाचा फोटो टाकू? आणि हो, आईचा डोळा लागला की मधलं दार उघडून आम्हीही गार वारा घेतो. घ्या, तेही लिहून टाकलं.

ही तीच आई. त्या जुलैत चाळीत पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तिने दागिन्यांच्या आधी देव उचलले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन टाक. साखरेचा डबा परातीत रिकामा केला, देव आत घातले, झाकण दाबून बसवलं आणि डबा डोक्यावर घेऊन माळ्यावर चढली. रात्रभर एकच घोकत होती, 'आपलंच काहीतरी चुकलंय.' मी वैतागलो होतो. गटारं तुंबली, वर खाडीला भरती, यात आपलं काय चुकलं? एका पावसावर एका पापाचं नाव लिहिता येत नाही, हे मला आजही कळतं. पण मी इथे बटण दाबतो, कोळसा तिकडे चंद्रपूर-कोराडीला जळतो आणि राख तिथल्या कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. याला तुमच्याकडे काय शब्द आहे? माझ्याकडे 'ऋण' आहे, आणि तो आईकडून आलेला आहे, एसीच्या दुकानातून नाही. पापी माणसाने पापाबद्दल बोलायचंच नाही असं ठरलं तर उद्यापासून गावोगावची कीर्तनं बंद करावी लागतील.

शिवाय देवाला मध्ये घालणारा मी एकटाच का? २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर मोठं धर्मपत्र काढलं. त्याच वर्षी इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी जाहीरनामा काढला. त्यांना विचारायला गेला होतात? नसालच. ते ठाण्यात राहत नाहीत ना.

बाकी, अमेरिकेतला माणूस आपल्या कितीतरी पट धूर सोडतो, हे मलाही ठाऊक आहे. एकादशीने वीजकेंद्र बंद पडत नाही, धोरण बदलायला हवं, हेही ठीक. त्यावर पुन्हा कधीतरी. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल का नाहीत, असंही विचारलंत. तो विषय मी वार्षिक सभेत तीनदा मांडलाय. तिथे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. 'ढोंगी'वर तेवढ्या फुल्या मारल्यात, कारण आई चष्मा लावून मोबाईलवर माझं सगळं वाचते. दुपारी विचारतही होती, 'इथे काय लिहिलं होतं रे?' आणि आता पाहतो तर या उत्तरात मीच तो शब्द तीनदा लिहून बसलोय.