सगळ्यात महत्त्वाचा कागद शेवटीच का?

जपानमध्ये मी एक जुना फ्लॅट घेतोय. काल संध्याकाळी फुदोसानच्या, म्हणजे घरांच्या दलालाच्या, ऑफिसात त्या इमारतीच्या मॅनेजमेंट कंपनीचा अहवाल हातात पडला. करार शनिवारी. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस, आणि सगळा मजकूर जपानी कान्जी लिपीत. चौथ्या पानावर एक ओळ: दुरुस्ती निधी सध्या महिना ९,८०० येन, येत्या एप्रिलपासून २१,६००. ठराव गेल्या वर्षीच्या सभेत मंजूर.

गेल्या वर्षीच्या! तीन महिने मी या फ्लॅटच्या मागे आहे. चार वेळा बघून आलो, चारही वेळा या दलालाला तोंडाने विचारलं, शूझेन, म्हणजे हा दुरुस्ती निधी, वाढणार आहे का? चारही वेळा उत्तर एकच, "सध्या ९,८०० आहे." सध्या! खोटं बोललो नाही म्हणे. मग खरं तरी बोललास का? फरक महिन्याला ११,८००, वर्षाला १ लाख ४१ हजार ६००. ३५ वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत हिशोब पन्नास लाखांच्या घरात जातो, तोही यापुढे एक येनसुद्धा वाढला नाही तर. इमारत १९८३ची, पाइप मूळचेच. वाढणार नाही तर काय होणार? हे सगळं ऐकून त्याने काय केलं, तर "मोऊशिवाके गोझाइमासेन" (क्षमा असावी) म्हणून कमरेत वाकला. अरे, वाकू नकोस, उत्तर दे!

बिल्डर विकताना निधी मुद्दाम कमी ठेवतात, महिन्याचा खर्च हलका दिसावा म्हणून. पुढे मेकॅनिकल पार्किंगमधल्या निम्म्या जागा रिकाम्या पडतात, इमारतीला मिळणारं त्यांचं भाडं थांबतं, यंत्राची देखभाल मात्र चालूच. चाळीस वर्षांचा हा खड्डा कोणी भरायचा? सगळ्यात शेवटी आलेल्याने.

त्याच पानावर खाली आणखी एक रत्न. आत्ताच्या मालकाने सात महिन्यांची कान्रिही (इमारतीचा मेंटेनन्स) थकवली आहे. इथल्या कायद्याने ती थकबाकी घेणाऱ्याच्याही गळ्यात पडते, हे दलालाला माहीत नाही? "पैसे देताना वळते करून घेऊ" म्हणाला. लिहून दे म्हटलं, तर त्याची तिजोरी मागितल्यासारखा चेहरा केला.

आणि हा काही पहिलाच नव्हे. याच्या आधीचा एक दलाल, "१९८२ची इमारत, म्हणजे नव्या भूकंप नियमांतली" असं छातीठोकपणे सांगत होता. कागद काढायला लावले तर बांधकामाची मंजुरी १९८०ची! नव्या नियमांची १ जून १९८१ ही तारीख मंजुरीला लागते, बांधून झाल्याला नाही. या धंद्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. जाहिरातीत ६८ चौरस मीटर, रजिस्ट्रीत ६४, कारण जाहिरातवाले भिंतीच्या मध्यापासून मोजतात. कार्पेट-बिल्टअपची कटकट पुण्यात संपली असं वाटलं होतं. बँकेचं तर विचारूच नका. अकरा वर्षं इथे टॅक्स भरतोय, नेन्किन (पेन्शनचा हप्ता) भरतोय, एकही हप्ता चुकलेला नाही. पहिल्या बँकेने एवढंच विचारलं, एइजू, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, आहे का? नाही म्हटल्यावर फाइल उघडलीसुद्धा नाही. आणि टोकियोतल्या आपल्या लोकांच्या निशी-कासाईत भेटेल तो ऐकवतो, भाड्यात पैसे कशाला घालवतोस, जुनं मॅन्शन (इथे फ्लॅटला हेच म्हणतात) घेऊन टाक. घेऊन टाक म्हणे, भाजी आहे का?

या सेवेची फी किती? तीन टक्के अधिक ६० हजार, वर टॅक्स. ३ कोटी २० लाखांच्या फ्लॅटवर ११ लाख २२ हजार येन. एवढ्यात एक अहवाल दोन महिने आधी मागवणं बसत नाही?

शनिवारचा करार मी थांबवायला सांगितलाय. गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं आणि दुरुस्तीचा आराखडा हातात येईपर्यंत माझा इन्कान, म्हणजे सहीऐवजीचा शिक्का, कपाटातून बाहेर निघणार नाही. तर म्हणतो, "दुसरं एक गिऱ्हाईक वाट बघतंय."

बघू दे. त्याला तरी चौथं पान आधी दाखव.