गणपतीला ताप आला होता म्हणे!

भाद्रपद लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. व्यासांनी चतुर्थीला महाभारत सांगायला घेतलं, गणपतीने दहा दिवस न थांबता लिहून घेतलं, श्रमाने त्याचं अंग तापलं, व्यासांनी मातीचा लेप लावला आणि चतुर्दशीला लेखन संपताच पाण्यात बुडवून त्याला गार केलं. म्हणून मातीची मूर्ती, म्हणून दहा दिवस, म्हणून विसर्जन. खाली तंबी: मुलांना हे जरूर सांगा.

सांगण्याआधी पोथी उघडू.

दहा दिवस? आदिपर्वातच 'त्रिभिर्वर्षैः' असं स्वच्छ लिहिलंय. व्यासांनी नित्य उठून तीन वर्षांत हे आख्यान रचलं. लाख श्लोक दहा दिवसांत उरकायचे तर अहोरात्र लिहूनही एका श्लोकाला साडेआठ सेकंद मिळतात. देवाला काय अशक्य, असं कुणी म्हणेल. मग त्याच देवाला ताप कसा येतो?

'न थांबता' हेही अर्धंच. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट, तर अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही ही व्यासांची. मग व्यासांनी मध्ये मध्ये कूट श्लोक पेरले. गणपती क्षणभर विचारात पडे, तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून मोकळे! इतकी झकास गोष्ट सोडून लोक ताप पसरवतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. आणि ही गोष्टसुद्धा प्रचलित प्रतींतली. आपल्याच भांडारकर संस्थेत देशभरच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून चिकित्सक आवृत्ती तयार झाली. सुखटणकरांनी संपादित केलेलं आदिपर्व १९३३ साली पूर्ण झालं. त्यात हा प्रसंग मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. दाह आणि लेप तर या गोष्टीत कुठेच नाहीत.

विसर्जनाचं कारण पूजेतच आहे. मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करून देवाला बोलवायचं, उत्तरपूजेला 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणत अक्षता वाहून निरोप द्यायचा, मूर्ती जागची किंचित हलवायची आणि माती पाण्यात सोडायची. त्याच मंत्रात 'पुनरागमनाय च' आहे, म्हणजे परत येण्याचं आमंत्रणही. आदल्या दिवशीच्या हरितालिकेची वाळूची पिंडही अशीच विसर्जित होते. तिने कुठला ग्रंथ लिहिला होता?

राहिली चतुर्दशी. ते मुळात अनंताचं, म्हणजे विष्णूचं व्रत, चौदा गाठींच्या दोऱ्याचं. घरचा गणपती कुणाकडे दीड दिवसाचा, कुणाकडे पाच किंवा सात. ज्यांच्याकडे तो गौरींबरोबर जातो, त्यांची तिथीही ठरलेली नसते, कारण गौरी मूळ नक्षत्रावर उठतात. गणपतीचा ताप काय पंचांग बघून उतरतो?